उधारीची वही

माझ्या दुसऱ्या कादंबरीचं पहिलं प्रकरण पडलं ते पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकात. नोव्हेंबर 2019 ची गोष्ट. सीतादही, म्हणजे वेचणी सुरू करताना वावरात करतात ती पूजा, करून चार दिवस झाले होते. दव सुकल्यावर आम्ही सहा-सात जणी एकेक पात, म्हणजे ओळ, धरून वेचत होतो आणि वेळ जावा म्हणून मी गोष्ट सांगत होते. ती घरी वहीत लिहून ठेवलेली आहे हे कोणाला सांगितलं नव्हतं. नायिका वेचणीला येणारी पोरगी, नायक वावरवाल्याचा मुलगा. दिवसभर वेचून झाल्यावर ती नदीच्या काठाशी उभी आहे, ओढणी वाऱ्यावर उडते आहे आणि तो मागून येतो. माझ्या शेजारच्या पातीवर साठीच्या पुढची एक बुढीमाय होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "संध्याकायी वजन कोन करते मंग?"

मला प्रश्नच कळला नाही.

"दिवसभर येचलं नं तिनं? वजन न करता नदीवर गेली, तं तिची मजुरी कोन लिहिन?"

कोणी हसलं नाही. सगळ्याजणी माझ्याकडे पाहत होत्या, कारण प्रश्न खरा होता. वेचणीची मजुरी किलोवर. दिवसभर वाकून, बोंडांच्या सुकल्या टोकांनी बोटं ओरबाडून घेऊन जे गाठोडं बांधलं, ते काट्याला लागल्याशिवाय कोणतीही बाई वावर सोडत नाही. मी स्वतः सोडत नाही. मग माझी नायिका कशी सोडून गेली? कारण मी तिला नदीवर पाठवली होती. प्रेमकथेत नदी लागते, असं माझ्या डोक्यात कुठूनतरी बसलं होतं.

त्या रात्री मी ते प्रकरण वहीतून फाडलं आणि वजनाचा प्रसंग लिहायला घेतला. तो लिहिताना लक्षात आलं, की रोज डोळ्यांसमोर घडणारी ही गोष्ट मी कधी नीट पाहिलीच नव्हती. बाभळीच्या फांदीला ताणकाटा टांगलेला असतो. एकेकीचं गाठोडं त्याला लागतं, वावरवाला आकडा मोठ्यानं बोलतो आणि वहीत लिहितो. अर्धा किलो इकडेतिकडे झाला तरी कुजबुज होते. अशा जागी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, एका पोरानं एका पोरीला आपल्या मनातलं कसं कळवावं? अर्धा किलो जास्त लिहिला तर बाकीच्या बायांवर अन्याय, आणि तिचाही अपमान. चार दिवस मी या प्रश्नावर अडून होते. भाकरी थापताना, धुणं धुताना तोच विचार. पाचव्या दिवशी सुचलं. त्याचा बाप काटा नेहमी आपल्याकडे तोंड करून धरायचा, आकडा फक्त त्यालाच दिसायचा. बाप आजारी पडल्यावर पहिल्यांदा वजनाला उभा राहिलेला पोरगा काटा फिरवतो आणि त्याचं तोंड बायांकडे करतो. सगळ्यांसाठीच करतो. पण का केलं, ते तिला एकटीलाच कळतं.

दुसऱ्या दिवशी पातीवर हे सांगितलं. बुढीमाय थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मंग?"

हा 'मंग' मिळाला की प्रकरण उभं राहिलं, असं मी तेव्हापासून धरून चालते.

मी यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते. घरचं सात एकर वावर, त्यातलं दोन एकर विहिरीच्या पाण्यावर. कापूस, तूर, सोयाबीन आणि थोडा हरभरा. मी प्रेमकथा लिहिते आणि हे सांगताना मला कधीच संकोच वाटला नाही. सामाजिक लिहा, असं सांगणारे पुष्कळ भेटले. माझं म्हणणं असं, की कोणी कोणाशी संसार करायचा, कोणाला नाही म्हणायचं आणि ते म्हणण्याची मुभा कोणाला आहे, याच्याहून सामाजिक आमच्या गावात दुसरं काही नाही. आमच्या गावच्या ग्रंथालयात सगळ्यात जास्त हाताळलेली, पानं सुटलेली, पुन्हा चिकटवलेली पुस्तकं प्रेमाच्या कादंबऱ्यांचीच. दिवाळी अंक आले की बाया ते गठ्ठ्यानं नेतात. 1909 साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून चालत आलेली ही रीत आमच्या ओसरीपर्यंत पोचलेली आहे. मीही आधी दिवाळी अंकांसाठीच लिहीत होते. त्यातली एक अडचण शहरातल्या लेखकांना नसेल. अंकाचा मजकूर द्यायचा असतो आषाढ-श्रावणात, आणि नेमकं तेव्हाच निंदण, डवरणी, खत, फवारणी सगळं एकदम अंगावर येतं. चार हजार शब्दांची कथा मी धुऱ्यावर बसून जेवणाच्या सुट्टीत पुरी केलेली आहे.

पहिल्या कादंबरीबद्दल थोडक्यातच सांगते. 2012 मध्ये आली. एका प्रकाशकानं एक पानाचा कागद पाठवला, मी सही केली. कागदावर मुदत नव्हती, मानधनाचा आकडाही नव्हता. पाचशे प्रती छापल्या, त्यातल्या पन्नास मला दिल्या, पुढे फोन उचलणं बंद झालं. मी रडले आणि विषय सोडला. नंतर कळलं, की 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 19 आहे. हक्क दिल्याच्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरता धरतात. म्हणजे 2017 साली माझे हक्क माझ्याकडे परत आलेले होते आणि मला पत्ताच नव्हता. लिहिणाऱ्या पोरींना मी हे आवर्जून सांगते. कथा कशी लिहायची ते पुढे पाहू, आधी कागद वाच.

दुसऱ्या कादंबरीचं बी पडलं ते यवतमाळच्या साहित्य संमेलनात, जानेवारी 2019 मध्ये. ब्याण्णवावं संमेलन होतं, अध्यक्ष अरुणा ढेरे. उद्घाटन वैशाली येडे यांच्या हस्ते झालं. त्यांच्या शेतकरी नवऱ्यानं आत्महत्या केलेली होती. मी मांडवात खूप मागे बसले होते. त्या बोलत असताना माझ्या मनात एकच विचार फिरत होता, की अशा घरातली लेक मोठी झाल्यावर कोणाशी लग्न करेल? परतीच्या एसटीत मी तिकिटाच्या मागे लिहिलं, 'बाप गेलेली पोरगी. वावरवाला पोरगा.' एवढंच.

पण लिहायला बसले तेव्हा या बियाकडे दुर्लक्ष करून मी भलतीकडेच गेले. प्रेमकथेत दोघांच्या मध्ये काहीतरी आडवं यावं लागतं. मी जात आडवी घातली आणि जातीच्या जोडीला कायदा. दोघं जिल्ह्याच्या ठिकाणी नोंदणी लग्नाला जातात, तिथे तीस दिवसांची नोटीस फलकावर लागते, गावातला कोणीतरी ती वाचतो आणि पुढे धावपळ. तीस दिवस म्हणजे तीस प्रकरणं, मला फार आवडली होती ही रचना. सत्तर पानं लिहून झाल्यावर दारव्ह्याच्या एका वकील बाईंना दाखवली. त्यांनी शांतपणे सांगितलं, की ती नोटीस 1954 च्या विशेष विवाह कायद्यातली. दोघं हिंदू असतील, जात कोणतीही असो, तर 1955 च्या हिंदू विवाह कायद्याखाली विधी करून लग्न लावता येतं, तिथे तीस दिवस थांबावं लागत नाही. एक जण बौद्ध असला तरी तो कायदा लागू होतो. "मग तुमचे दोघं नोटीस लावून घरच्यांना कळवायला का गेले?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यांना मी पाठवलं होतं, जसं नायिकेला नदीवर पाठवलं होतं तसंच.

सत्तर पानं गेली. वाईट वाटलं, पण कापसाला बोंडअळी लागल्यावर जसं वाटतं तसंच. ज्यात आता काही उरलेलं नाही, त्याला पाणी देत बसण्यात अर्थ नसतो.

खरा अडसर कोणता, ते पुन्हा पातीवरच कळलं. जानेवारीतली शेवटची वेचणी होती. मी सांगत होते, की त्यानं विचारलं आणि ती लाजली. माझ्या पुढच्या पातीवरची बाई, जिचा नवरा गेलेला आहे आणि जिला एक लेक आहे, थांबली. कंबर सरळ करून म्हणाली, "जिनं बापाचं तसं पायलं, ते पोट्टी वावरवाल्याले काउन हो म्हनन?"

त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. मीही गोष्ट पुढे नेली नाही.

आमच्या भागात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट आहे ही. शेती करणाऱ्या पोराला पोरगी मिळत नाही. शेतकऱ्याच्या घरातच पोरीला सांगतात, शेतकरी करू नको, शिपाई चालेल. त्यात पोरीचं काही चुकत नाही. तिनं घरात वसुलीची माणसं आलेली पाहिलेली असतात. मग माझ्या नायिकेला तो आवडतो, त्याचा काटा फिरवणं आवडतं, आणि तरी ती नाही म्हणते. खलनायक नाही, दुष्ट सासू नाही, जात दुय्यम. आडवी ती स्वतःच आहे आणि तिचं बरोबर आहे. त्याचंही बरोबर आहे. दोघांचंही बरोबर असलं की लिहिणाऱ्याची झोप उडते.

झोप तशीही उडालेलीच असायची. शेतीची लाईन, म्हणजे पंपाची वीज, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा असला की माझे मिस्टर बॅटरी घेऊन हरभऱ्याला ओलीत करायला जातात. साप असतात, रानडुकरं असतात. ते परत येईपर्यंत मला झोप लागत नाही, म्हणून मी लिहिते. ही कादंबरी बरीचशी रात्री बारा ते चारच्या मध्ये लिहिलेली आहे, दोनशेपानी तीन वह्यांमध्ये. मधूनमधून उठून मी ओट्यावर यायची आणि विहिरीच्या दिशेला बॅटरीचा उजेड हलतो का ते पाहायची. हलला की पुन्हा आत. एका रात्री तासभर उजेड दिसलाच नाही. बॅटरीचा सेल उतरला होता, एवढंच. पण त्या तासात मी वहीत काय लिहिलं, ते आजही मला शब्द न शब्द आठवतं. अकराव्या प्रकरणात नायिकेची आई ओट्यावर उभी राहते ती तीच रात्र आहे. बाया मला फोन करून त्या प्रकरणाबद्दल विचारतात. शृंगाराबद्दल फारसं कोणी विचारत नाही.

शृंगाराचंही सांगते, कारण तोही या कामाचा भागच आहे. माझ्या आत्याबाई, म्हणजे सासूबाई, वाचतात. चष्मा लावून, बोट ठेवून, एकेक ओळ. सुरुवातीला त्यांच्या भीतीनं मी सगळं गुळमुळीत लिहायची, फुलं आणि चंद्र यांच्या आडून. मग ठरवलं, की पूर्ण कादंबरीत स्पर्श तीनच, पण तिन्हींचं कारण असलं पाहिजे. पहिला स्पर्श वेचणीनं चिरलेल्या बोटांना. तो तिला विचारतो, तिळाचं तेल लावू का, आणि ती हो म्हणेपर्यंत हात पुढे करत नाही. ते विचारणं मी दीड पानभर लिहिलं आहे. आत्याबाईंनी ते पान वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आमाले कोनं इचारलं नाही कधी." एवढंच बोलून त्या ढोरांना ढेप टाकायला गेल्या. मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

भाषेचा प्रश्न वेगळाच. पहिल्या कादंबरीत माझी माणसं पुस्तकात बोलतात तशी बोलत होती. या वेळी ठरवलं, की सांगणं प्रमाण मराठीत आणि बोलणं वऱ्हाडीत. पण किती वऱ्हाडीत? आम्ही 'ळ'चा 'य' करतो. डोळ्याला डोया म्हणतो, शाळेला शाया. सगळं उच्चाराप्रमाणे लिहिलं तर कोल्हापूरच्या वाचकाची वाट दर वाक्याला अडते. मी मले, तुले, काउन, येजो, जाजो एवढं ठेवलं आणि 'डोया' फक्त म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ठेवला. फोनवर बोलून टंकायचा प्रयत्न केला तर 'मले'चं दर वेळी 'मला' किंवा 'मुले' होऊन यायचं, म्हणून सगळी कादंबरी अंगठ्यानं टंकली. त्याहून मोठी अडचण ही, की आमच्या बोलीत 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं कोणी म्हणतच नाही. मी आजवर एकदाही, कोणाच्याही तोंडून ऐकलेलं नाही. म्हणतात काय? 'जेवली का?' 'अंधार पडला, बॅटरी घेऊन जाजो.' 'तुह्या वाट्याचं काढून ठेवलं.' मग सगळं प्रेम अशाच वाक्यांमधून न्यायचं ठरवलं आणि तिथून कादंबरी आपोआप वाहायला लागली.

शेवट मात्र वाहिला नाही. प्रेमाच्या कादंबरीचा वाचक शेवट गोड होईल या भरवशावर पहिलं पान उघडतो आणि तो भरवसा मोडायचा नाही, हे मी मनापासून मानते. दिवसभर राबून आलेल्या बाईला मी रात्री आणखी एक मरण वाचायला देणार नाही. पण गोड आणायचं कुठून? एका मसुद्यात कापसाला भाव आला आणि सगळं कर्ज फिटलं. फाडला. दुसऱ्यात त्याला नोकरी लागली आणि दोघं नागपूरला गेली. तो बरेच दिवस ठेवला, कारण असं खरंच घडतं. पण काटा फिरवणारा तो पोरगा वावर सोडून गेला तर तिला आवडलेला माणूसच उरत नव्हता. 2020 च्या टाळेबंदीत गाव बंद, बाजार बंद, कापूस घरात पडून, आणि मी शेवटच्या प्रकरणावर अडकलेली.

उत्तर पहिल्याच प्रसंगात होतं. ज्यानं काटा फिरवला, तो वहीही फिरवेल. शेवटच्या आधीच्या प्रकरणात तो तिच्या घरी येतो, हातात काही आणत नाही, फक्त उधारीची वही आणतो. बँकेचं पीककर्ज किती, कृषी केंद्राची बाकी किती, मोठ्या बहिणीच्या लग्नात मामाकडून घेतलेले किती, मोटारीच्या दुरुस्तीचे किती. तिच्या बापानं हे सगळं घरात कोणाला सांगितलं नव्हतं, मनात ठेवलं होतं, आणि तिची भीती नेमकी तिथेच होती. कर्जाची भीती तिला तेवढी नव्हती, ते लपवणाऱ्या माणसाची होती. तो वही तिच्यासमोर उघडून ठेवतो आणि म्हणतो, "हे पाय. याच्यापेक्षा जास्त काही नाही." ती बराच वेळ वाचते. मग म्हणते, "वही ठेवून जाय. सकायी घेऊन जाजो." घरातून कोणी तरी विचारतं, तो जेवून जाणार का. तिथे प्रकरण संपतं. शेवटच्या प्रकरणात कर्ज आहे तसंच आहे, पण वही आता तिच्याकडे असते.

हे लिहिलं त्या रात्री मी मिस्टरांना उठवून वाचून दाखवलं. ऐकून ते म्हणाले, "आपलीबी दाखवू का तुले?" आणि खरंच कपाटातून काढून आणली. त्यात दोन आकडे मला माहीत नसलेले होते. पहाटेपर्यंत आम्ही बोलत बसलो. लग्नाला तेव्हा एकवीस वर्षं झाली होती.

छापण्याची गोष्ट लवकर आवरते. या वेळी करार नीट वाचला. मुदत तीन वर्षं, मानधन छापील किमतीच्या दहा टक्के, आवृत्ती किती प्रतींची ते अंकात. पुस्तक बारा फर्म्यांचं झालं, म्हणजे 192 पानं. पहिलं प्रूफ आलं तेव्हा मुद्रितशोधकांनी सगळे 'मले' शुद्ध करून 'मला' केले होते. त्यांनी त्यांचं काम चोख केलं होतं. मी लाल पेन घेऊन एकेक 'ला'चा 'ले' केला, नऊ रात्री लागल्या, आणि सोबत दोन पानांचं पत्र लिहिलं. ते पत्र प्रकाशकांना पटलं, पुढच्या प्रुफात सगळी माणसं आपल्या भाषेत परत आली होती. मुखपृष्ठावर आधी गुलाब होता. मी ताणकाट्याचा फोटो पाठवला. त्यावर बरीच चर्चा झाली, विक्रीचा त्यांचा अनुभव माझ्याहून मोठा आहे, तरी मी हटून राहिले. शेवटी काटा आला, आणि खाली अगदी लहान, एक चिरलेलं बोट.

पुस्तक 2022 मध्ये आलं. पहिली प्रत बुढीमायला द्यायला गेले. तिला वाचता येत नाही. तिच्या नातीनं तीन दिवस वाचून दाखवलं. चौथ्या दिवशी नात निरोप घेऊन आली, की आजी विचारते, त्या वर्षी त्याहीनं फरदड ठेवली होती का पऱ्हाटी उपटली? फरदड म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून घेतलेला जास्तीचा कापूस, त्यात बोंडअळी पोसली जाते. तेवढं काही मी लिहिलेलं नव्हतं. मी विचार करून सांगितलं, उपटली. नात म्हणाली, आजी पण तेच म्हणत होती, पोरगी हुशार आहे, ठेवू देणार नाही.

गेल्या वर्षी दुसऱ्या आवृत्तीसाठी दुरुस्त्या मागवल्या तेव्हा मी आमच्या ग्रंथालयातली प्रत आणली, कारण माझी घरची प्रत कोणीतरी नेली ती आलीच नाही. पानं सुटायला लागली होती. 171 व्या पानावर, जिथे तो वही उघडतो, तिथे समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात बेरीज केलेली होती. पीककर्ज 85,000, कृषी केंद्र 32,500, मामाचे 60,000, मोटार 4,200. मी खाली एकूण छापलं होतं 1,79,700. वाचणारीनं, किंवा वाचणाऱ्यानं, त्यावर रेघ मारून लिहिलं होतं 1,81,700, आणि पुढे, 'तिला खरा आकडा सांगा.'

दुसऱ्या आवृत्तीत तो दुरुस्त केला आहे.